टोनकर

पुण्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे पुष्कळ आहेत. टोनकर त्यांच्यातला नव्हे. टोनकराकडे गिटारी आहेत.

टोनकर हे आडनाव मी दिलेलं. खरं आडनाव जोशी, पाटील, शेख, डिसोझा काहीही असू शकतं. वय चाळिशीच्या आगेमागे, नोकरी सॉफ्टवेअरमधली, फ्लॅट बाणेरला नाहीतर बावधनला. कॉलेजात असताना तो एका बँडमध्ये होता. त्या बँडनं गॅदरिंगला दोन गाणी बसवली होती आणि दुसऱ्या गाण्यात लाइट गेली होती. तेव्हा त्याच्या हातात मित्राकडून उसनी आणलेली गिटार असायची. तिची मान वाकलेली, तारा इतक्या वर की दाबून दाबून बोटांना घट्टे पडायचे. तिच्यावर तो रात्र रात्र घासायचा. आता घरात एकाहून एक सरस सात गिटारी आहेत आणि बोटांचे घट्टे केव्हाच गेले आहेत.

त्याला ओळखायचं कसं, तर गाण्याच्या कार्यक्रमात. बाकीचे लोक गिटारवाल्याच्या बोटांकडे बघत असतात, हा त्याच्या पायांकडे बघतो. पायांशी पेडलबोर्ड असतो, म्हणजे गिटारीचा आवाज बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या डब्यांची फळी. "काय सुंदर वाजवतोय ना!" असं तुम्ही म्हणालात तर तो म्हणेल, "वाजवतोय बरा. पण डिलेच्या आधी रिव्हर्ब लावलाय रे त्यानं." लग्नाच्या रिसेप्शनला ऑर्केस्ट्रानं 'दम मारो दम' सुरू केलं की झाडून सगळे नाचायला उठतात. हा आइस्क्रीमची वाटी धरून उभा. मूळ गाण्यातली गिटार भूपिंदर सिंगांनी वाजवली, हे त्याला पाठ आहे. त्याला छळतं ते पुढचं: त्या दिवशी स्टुडिओत ॲम्प कुठला होता?

टोन म्हणजे काय, हे त्याला विचारू नये. विचारलंत तर जेवूनच घरी जाल, आणि तेही रात्रीचं. थोडक्यात सांगायचं तर गिटारीतून निघणारा जो आवाज त्याला हवा आहे तो टोन, आणि आत्ता निघतोय तो टोन नव्हे. मधल्या अंतरात एखादी वस्तू कमी पडते आहे, एवढीच त्याची श्रद्धा. ती वस्तू आली की दुसरी कमी पडते.

या जमातीत दोन पंथ आहेत, फेंडर आणि गिब्सन. फेंडर कंपनी काढली लिओ फेंडरनं, कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये. हा माणूस मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, धड सुरात लावताही येत नव्हती, तरी १९५४ साली त्यानं स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली आणि जग बदललं. ही गोष्ट टोनकर वारंवार सांगतो. त्याच्या स्वतःच्या वाजवण्याचा विषय निघाला की तर हमखास. पुढे १९६५च्या जानेवारीत सीबीएसनं फेंडर कंपनी विकत घेतली. तेव्हापासून टोनकराच्या लेखी काळाचे दोनच भाग आहेत, सीबीएसपूर्व आणि सीबीएसनंतर. पूर्वीची गिटार ती गिटार. नंतरचं सगळं उतरणीचं. त्याचा स्वतःचा जन्म १९८३चा आहे.

स्ट्रॅटोकास्टरमध्ये असतात सिंगल कॉइल पिकअप. चुंबकाभोवती तांब्याची केसाएवढी बारीक तार हजारो वेळा गुंडाळलेली. वरून पोलादी तार थरथरली की कॉइलमध्ये वीज उमटते, ती ॲम्पमध्ये जाते. पण ही कॉइल तारेबरोबर घरातल्या वायरिंगचीही वीज ओढून घेते आणि ॲम्पमधून अखंड 'हूंऽऽऽ' सुरू होतं. फेंडरवाला टोनकर यावर उपाय करतो तो प्रत्यक्ष बघण्यासारखा असतो. गिटार गळ्यात, पाय जुळवलेले, डोळे मिटलेले, आणि तो जागच्या जागी हळूहळू फिरायला लागतो. एका विशिष्ट कोनात गुणगुण कमी होते. तिथे तो थांबतो. त्याच्या हॉलमध्ये तो कोन दाराजवळच्या चपलांच्या स्टँडकडे येतो. त्यामुळे त्याच्या घरी मैफल असली की पाहुणे सोफ्यावर आणि वादक त्यांच्याकडे पाठ करून चपलांना वाजवून दाखवतोय, असं दृश्य असतं.

एकदा या गुणगुणीवरच दीड तास गेला. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५०ची. त्यामुळे तिकडची गुणगुण बी फ्लॅट आणि बी यांच्या अधेमधे कुठेतरी येते आणि आपली बरीचशी जी या स्वरावर. गणित बरोबर आहे; मी घरी जाऊन पडताळलं. टोनकराचा निष्कर्ष मात्र भलताच होता. "म्हणजे बघ, त्या सगळ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मागे जो हलका हम आहे, तो आपल्याकडे मिळणारच नाही. आपली वीजच वेगळी." मी म्हटलं, हम जाऊ दे म्हणून तर तू चपलांकडे तोंड करतोस. तो म्हणाला, "हा हम जाऊ दे. तो हवाय." आठवड्याभरात ५०ची ६० करून देणाऱ्या यंत्राच्या किमती त्याच्या मोबाइलवर होत्या.

हा या माणसाचा विशेष. कुठलाही पुरावा समोर ठेवा, त्यातून तो खरेदीची यादी काढतो.

गिब्सनवाल्यांचं दैवत वेगळं. सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरनं १९५५ साली दोन कॉइल उलटसुलट जोडल्या. तारेचा आवाज बेरजेत येतो, गुणगुणीची वजाबाकी होते. हा हमबकर. पेटंट मिळायचं होतं म्हणून १९५७पासूनच्या पिकअपच्या पोटाला 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाचं काळं चिटुकलं स्टिकर असायचं. आज त्या स्टिकरसाठी माणसं घरदार विकायला तयार असतात. पेटंट मिळाल्यावर कंपनीनं स्टिकरवर नंबर छापला, तोही चुकीचा, गिटारीच्या एका भलत्याच भागाच्या पेटंटचा. टोनकराला ही चूकही पूज्य आहे.

कारण खरी मौज चुकांतच आहे. मिशिगनमधल्या कालामाझूच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायची यंत्रं नेमक्या पाच हजार वेढ्यांवर आपोआप थांबत नसत. चालवणारीनं अंदाजानं थांबवायचं. एका कॉइलवर दोनशे वेढे जास्त, दुसरीवर तीनशे कमी. फेंडरकडे तर हातानं तार सोडत गुंडाळायचे. तिथे १९५६ साली ॲबिगेल यबारा कामाला लागली. तिनं पिकअप गुंडाळता गुंडाळता हयात काढली आणि तिच्या सहीचे पिकअप आज जगभर नावाजले जातात. डोळ्यांसमोर आणा: पन्नासच्या दशकातली एक बाई शिफ्टला बसली आहे, समोर तारेचं रीळ, हाताखाली फिरणारं बॉबिन. मनात काय असेल? घरी पोरं शाळेतून आली असतील, रात्रीच्या जेवणाला काय करायचं, भाडं भरायचंय. तार थोडी सैल सुटली, थोडी घट्ट बसली. इथे साठ-सत्तर वर्षांनी बावधनचा सॉफ्टवेअर इंजिनिअर भिंग लावून बसला आहे आणि म्हणतो आहे, "हा जो सैलपणा आहे ना, तो मुद्दाम आणता येत नाही." मग तो मुद्दाम आणून देणाऱ्या परदेशी कारागिराकडे तो ऑर्डर नोंदवतो. थांबायला आठ महिने लागतात. त्या आठ महिन्यांत गिटार पिकअपविना भिंतीवर, तिचं पोट उघडं.

नवी गिटार कारखान्यातच खरवडून, रंग उडवून, लोखंडाला गंज चढवून जास्त भावानं विकतात, हे टोनकराच्या बायकोला, आमच्या वहिनींना, पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आपल्या मावशींकडे दे. भांड्यांबरोबर घासून देतील."

लाकडाची गोष्ट जरा आपल्या अंगणातली आहे. जुन्या गिटारींच्या फिंगरबोर्डला ब्राझीलची शिसव असायची. ती संपत आली, १९९२ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. पण त्याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकातच, मोठ्या कंपन्या भारतीय शिसवीकडे वळल्या होत्या. म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या झाडाच्या जातीकडे. २०१७मध्ये शिसवीच्या सगळ्याच जाती निर्बंधांच्या यादीत आल्या आणि गिटार सरहद्दीपार न्यायला कागदपत्रं लागायला लागली. २०१९मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. या काळात टोनकर कोकणात आजीकडे गेला होता. आजीच्या घरी शिसवी पलंग आहे, चार पिढ्यांचा, काळाभोर. दुपारी सगळे जेवून लवंडलेले. हा पलंगाखाली शिरला आणि बोटाच्या पेरानं फळ्या ठोकायला लागला.

"काय रे, वाळवी लागलीय का?" आजीनं वरून विचारलं.

"नाही गं. आवाज कसा येतो बघतोय."

"झोपून बघ. करकरतो."

त्या पलंगातून किती फिंगरबोर्ड निघतील याचा हिशेब त्यानं मला गाडीत बसल्या बसल्या सांगितला. मी आजीला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की काय, असं हल्ली वाटतं, कारण त्यानंतर तो दर मे महिन्यात आजीच्या तब्येतीची फार चौकशी करतो.

आता ॲम्प. मार्शल ॲम्पचा जिम मार्शल हा लंडनचा ड्रम वाजवणारा. त्याचं ड्रमचं दुकान होतं. त्याच्या माणसांनी १९६२ साली फेंडरचा बासमन ॲम्प समोर ठेवून आपला पहिला ॲम्प बेतला. म्हणजे या धंद्यातली एक थोर कंपनी गिटार न येणाऱ्यानं काढली आणि दुसरी ड्रमवाल्यानं. टोनकर या परंपरेचा सच्चा पाईक आहे. त्याच्याकडे शंभर वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प आहे, टू बीएचकेमध्ये. व्हॉल्व्हवर पुरता ताण आल्याशिवाय तो गोड, किंचित फाटका आवाज निघत नाही. ताण आणायचा तर आवाज वाढवायला हवा. आवाज वाढवला की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. व्हॉल्यूमचा नॉब दहापर्यंत आहे. तो दीडच्या पुढे गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

शंभराऐवजी पन्नास वॅटचा घेतला तर आवाज निम्मा होईल, अशी वहिनींची समजूत करून देण्यात आली होती. वॅट निम्मे केले तरी आवाज उतरतो फक्त तीन डेसिबल. हे वहिनींना पन्नासचा घरात आल्यावर समजलं. शंभरचा गेला नव्हताच. मग आला ॲटेन्युएटर. हा डबा ॲम्प आणि स्पीकरच्या मधे बसतो आणि ॲम्पनं मेहनतीनं तयार केलेली बहुतेक ताकद उष्णता करून उडवून लावतो. टोनकरानं हे तत्त्व जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं. वहिनींनी पोळी वाढता वाढता विचारलं, "मग गिझरला का नाही जोडत?"

मावसभावानं अमेरिकेहून आणलेल्या ॲम्पची कथा तर निराळीच. तो १२० व्होल्टचा. त्याच्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला, एकट्यानं उचलवत नाही असा. तो ट्रान्सफॉर्मर स्वतःही गुणगुणतो. जी स्वरात.

व्हॉल्व्हसाठी तो रविवारी जुन्या बाजारात जातो. एका रविवारी मीही होतो. ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, गंजलेले रंधे, बिनडायलचे फोन, आणि कडेला खोक्यात जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एके काळी असले व्हॉल्व्ह बनवले. ती अक्षरं काचेवर पुसट दिसली की टोनकराचा श्वास अडकतो. पण भाव वाढू नये म्हणून तो आधी कुलपाची चौकशी करतो. "हे कुलूप केवढ्याला?" दुकानदार बिडी विझवत म्हणाला, "साहेब, कुलूप राहू द्या. ईएल चौऱ्याऐंशी पाहिजे ना? बुधवारी एक दाढीवाले साहेब चार घेऊन गेले. त्यांनी आधी खलबत्ता विचारला होता." वीस रुपयांच्या काचेला किती मोजले ते मी सांगणार नाही, वहिनी हे मासिक वाचतात.

घरी आल्यावर त्याच्या बाबांनी ते व्हॉल्व्ह हातात घेऊन चष्म्यावरून बघितले. "हे? असलेच होते की आपल्या मोठ्या रेडिओत. तुझ्या मुंजीच्या वेळी भंगारवाल्याला देऊन टाकला." त्या रात्री टोनकर जेवला नाही.

बाबांनी या सगळ्याला मनापासून हसावं, तर तीही सोय नाही. त्यांच्या खोलीत एक जुनी बाजाची पेटी आहे. ती गेली कित्येक वर्षं कुणी वाजवलेली नाही, पण तिच्यात पॅरिस रीड आहेत. बाबांचे मित्र आले की पेटीवरची शाल निघते, एक पट्टी दाबली जाते, एकच, आणि सगळे डोळे मिटतात. "हे पालिताण्याच्या रीडला येणार नाही." मग कुणीतरी जर्मन रीडची बाजू घेतो आणि चहा गार होतो. भिंतीपलीकडे टोनकर आणि मंडळींचा चहाही त्याच सुमारास गार होत असतो.

या लोकांना शहाणं करायचे प्रयत्न झालेले आहेत. क्लॉन सेंटॉर नावाचा पेडल बिल फिनेगननं १९९४पासून घरगुती प्रमाणात बनवला. आतलं सर्किट कुणी बघू नये म्हणून वर काळं इपॉक्सी ओतलं. आज तो काही लाखांना जातो. चिवट लोकांनी इपॉक्सी खरवडून आतलं सर्किट उघड केलं, ते समजण्याजोगंच निघालं. टोनकराचं म्हणणं, "सर्किट साधं आहे ना? मग जादू डायोडमध्येच." लॅमिंग्टन रोडवरून जर्मेनियमचे मूठभर डायोड आले.

मी क्वीनच्या ब्रायन मेचं उदाहरण देऊन पाहिलं. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, त्यामुळे क्वीनबद्दल आपल्याला जरा घरचं वाटतं. ब्रायन मेकडे विकत घ्यायला पैसे नव्हते. १९६३ साली बापलेकांनी घरीच गिटार करायला घेतली. मानेला जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं लाकूड, खाली मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, मानेवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. प्लेक्ट्रमऐवजी सहा पेन्सचं नाणं. ती गिटार घेऊन तो आयुष्यभर स्टेडियम भरवत आला. मला म्हणायचं होतं, बघ, वस्तू काय, कुठलीही चालते. टोनकर गंभीर झाला. "फायरप्लेसचं लाकूड म्हणजे शंभर वर्षं शेकलेलं. वाड्यांच्या तुळया मिळतात का कुठे?" नाण्याचा प्रयोग त्यानं चार आण्यावर केला. चांगला आला म्हणाला, पण चार आणे २०११ सालीच बंद झाले, तेव्हा साठा करून ठेवायला हवा.

शेवटचं हत्यार म्हणून जिम लिलचा व्हिडिओ दाखवला. नॅशव्हिलच्या या गिटारवाल्यानं गिटारीचं लाकूडच काढून टाकलं. दोन बाकांमध्ये नुसत्या तारा ताणल्या, खाली पिकअप धरला आणि वाजवलं. आवाज जवळजवळ त्याच्या गिटारीसारखाच. टोनकरानं व्हिडिओ दोनदा पाहिला. मागे नेऊन एक जागा पुन्हा पाहिली. मला वाटलं, आता काहीतरी हललं.

"बाकं कुठल्या लाकडाची आहेत?" त्यानं विचारलं.

तेव्हापासून मी प्रयत्न सोडले. उलट वाचकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची असेल तर दुकानात जाऊ नका, सेकंडहँड घ्या आणि टोनकराकडूनच घ्या. वर्षातून एकदा, नवीन काहीतरी यायचं असलं की तो एखादी काढतो. फ्रेट झिजलेले नसतात, तारा नव्या असतात, मान सरळ असते, स्क्रू न् स्क्रू आवळलेला, बिल आहे, खोकं आहे, खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यासुद्धा आहेत. भावही रास्त लावतो, कारण वहिनी समोर बसलेल्या असतात. फक्त फोन नंबर देताना विचार करा. दर रविवारी त्याचा फोन येईल, मुलगा काय शिकला हे तो विचारणार नाही, पिकअप बदलला नाहीस ना, एवढंच विचारील. आणि वर्षभरानं तीच गिटार जास्त पैसे देऊन परत मागायला येईल. तेव्हा देऊ नका.